निळी खूण

(चित्रकार बाईंची कामाची खोली. दुपारचे दोन. सहाला छापखान्याचा माणूस येणार, म्हणून टेबलावर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे जागा मिळाली तिथे चोवीस पानं पसरलेली आहेत. अशा दिवशी या खोलीत कुणी कुणाशी बोलत नाही. पण दारात उभा असलेला माणूस मघापासून बोलतोय, आणि बाईंनी हातातलं पेन अजून खाली ठेवलेलं नाही.)

थोरला : ...ते समजलं मला. काम आहे, सहाला न्यायला येणार, सगळं समजलं. मी बसायला आलेलोच नाही. मला एवढंच विचारायचंय की याचा चेहरा कुणी पुसला?

धाकटी : सहा वर्षांनी दारात उभा राहतोस, दादा, आणि पहिलं वाक्य हे?

थोरला : पहिलं 'आत येऊ का' होतं. तू उत्तर दिलं नाहीस.

धाकटी : ये ना. असं काय बोलतोस? पेंटरकाका, ती खुर्ची जरा... नाही, नको, तिच्यावर पान अकरा आहे.

पेंटर : स्टूल आहे की. बसा पाहुणे. एक पाय आखूड आहे त्याचा, डावीकडे भार देऊ नका. नाहीतर शाईत पडाल, आणि शाई महाग आहे.

धाकटी : काका, हा माझा भाऊ. थोरला.

पेंटर : भाऊ? चार वर्षं तुमच्याकडे ठिपके चिकटवतोय बाई, आणि तुम्हाला भाऊ आहे हे मला आज कळतंय. असो. पण यांना मी ओळखतो.

थोरला : मला? कुठून?

पेंटर : डावी भुवई पांढरी. कान निम्मा. हनुवटीखाली एक तुकडा आणि उजव्या हाताची दोन बोटं. अहो, हे सगळं मी ब्लेडने किती वेळा कापलंय! तुम्ही तर आमचा नकाशा!

धाकटी : काका!

थोरला : असू दे गं. बरोबरच बोलले. गल्लीतली पोरं हेच म्हणायची ना. 'ए नकाशा, आमचं गाव दाखव.' तुला आठवत असेलच. तू तर ते नाव मुखपृष्ठावर छापलंयस.

धाकटी : तू वाचतोस?

थोरला : तीन वर्षं. बसस्टॉपजवळच्या पेपरवाल्याकडे टांगलेली दिसली. वर तुझं नाव, खाली माझं. पहिले दोन भाग तर मी उलटेच वाचले. या मंगा, जपानी पद्धतीच्या चित्रकथा, उजवीकडून उघडायच्या असतात हे मला काय माहीत? मी आपला डावीकडून. तर काय, नकाशा आधी गच्चीवर राहत होता, त्या तोतऱ्या पोस्टमनबरोबर, त्या तुरुंगातून सुटून आलेल्या बाईबरोबर, आणि मग हळूहळू मागे मागे जात शेवटी आपल्या घरात, आईजवळ जेवायला बसला. मला वाटलं, बरं झालं. ठमे, तू त्याला घरी पोचवलंस.

धाकटी : आणि मग?

थोरला : मग तिसऱ्या भागाला पेपरवाला म्हणाला, साहेब, उलटं धरलंय तुम्ही.

पेंटर : हे भारी आहे. बाई, हे आपण कधीतरी करून बघायला हवं होतं.

धाकटी : दादा, मी तुला विचारायला हवं होतं. नावाचं, चेहऱ्याचं, सगळ्याचंच. रोज वाटायचं, फोन करावा. मग वाटायचं, तू म्हणशील, नको काढूस. मग मी काय काढलं असतं? मला दुसरं काही येतच नाही. तू भांडायला आला असशील तर भांड. तुझा हक्क आहे.

थोरला : भांडायचं असतं तर तीन वर्षांपूर्वी आलो असतो. पहिल्यांदा नाव बघितलं तेव्हा फार राग आला होता. अंक फाडलासुद्धा. मग दुसरा विकत आणला. तू ते... कसं सांगू. त्याचा हात तू कधी खिशात लपवला नाहीस. एकाही चित्रात नाही. मी तपासलं. आमच्या चष्म्याच्या दुकानात भिंगं असतात, त्यातलं दहापट मोठं दाखवणारं घेऊन बसतो मी.

पेंटर : भिंगातून? अरे बापरे. मग मी चिकटवलेल्या कागदाचे सांधे दिसले असतील.

थोरला : दिसतात ना. लांबून करडा रंग वाटतो तो सगळा ठिपक्यांचा कागद असतो. अंगाला ठिपके, आणि कोडाच्या जागी नुसता कोरा कागद. काही न काढता काढलेलं. फार आवडलं मला ते.

धाकटी : ते डाग मी मुद्दाम...

थोरला : कोड म्हण. म्हटल्याने पसरत नाही.

धाकटी : कोड.

थोरला : हं. तर आता हा गेल्या महिन्याचा अंक. हे शेवटचं पान. नकाशा घराचं दार वाजवतो, आई दार उघडते. आणि चेहरा बघ. भुवई काळी. कान पूर्ण. सगळीकडे ठिपके. भिंगातून बघितलं, छपाईची चूक असेल म्हणून. नाही. नीट कापून, नीट बसवून चिकटवलेत. म्हणून विचारतोय, कुणी पुसलं?

धाकटी : चूक झाली. मी आजारी होते त्या आठवड्यात. मी पेन्सिलने चित्र काढते, निळ्या पेन्सिलने खूण करते कुठे कोरं सोडायचं ते. निळा रंग छापला जात नाही. काका ती खूण बघून कापतात. त्या पानांवर खूण करायची राहिली. एवढंच.

थोरला : एवढंच?

धाकटी : एवढंच रे. आणि आता त्याचा असा गोंधळ झालाय की विचारू नकोस. चारशे पत्रं आली संपादकांकडे. लोक खूश. नकाशा बरा झाला म्हणून बायका रडल्या. संपादक म्हणतात, शेवटचा भागही असाच जाऊ दे, स्वच्छ चेहऱ्याने. लोकांना शेवट गोड झालेला हवा असतो.

थोरला : आणि ही पसरलीयत ती त्या शेवटच्या भागाची पानं?

धाकटी : हो.

थोरला : यातही ठिपके भरलेत.

धाकटी : हो. संपादकांनी सांगितलं तसं. पूर्ण झालंय सगळं. फक्त दोन पानांची शाई राहिलीय.

थोरला : ठमे, मी आता जे सांगतो ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. गेल्या मंगळवारी दुकानात एक बाई आल्या. बरोबर मुलगी, आठ-नऊ वर्षांची. एक डोळा लालबुंद, पाणी गळतंय. आमचे मालक जेवायला गेले होते. एरवी मी पुढे येत नाही. सव्वीस वर्षं मी मागच्या खोलीत काचा घासतोय. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवणं, कानामागची काडी वाकवणं, हे सगळं मालक करतात. का ते तुला माहितीय. वाईट माणूस नाही तो. पण गिऱ्हाईक हातचं जाऊ नये, असं त्याला वाटतं.

धाकटी : दादा...

थोरला : मध्ये नको. तर मी बाहेर आलो. बघितलं, तर मुलीच्या पापणीवर, या इथे, कोड. नखाएवढं. आणि त्यावर तिने मार्करने रंग भरलेला. तपकिरी. तो डोळ्यात उतरला होता. मी म्हटलं, बाई, हे आमचं काम नाही, डॉक्टरांकडे न्या, पण आधी धुऊन काढू. मुलीला म्हटलं, मान वर कर. तिने केली. मी पापणी उघडली आणि सलाइनच्या पाण्याने डोळा धुतला. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला मी पहिल्यांदा हात लावला गं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पेंटर : डोळा वाचला ना पोरीचा?

थोरला : डोळा ठीक आहे. दोन दिवस थेंब घातले, आता शाळेत जातेय. पण मी विचारलं, का लावलास गं रंग? तर तिने दप्तरातून हा अंक काढला. हाच. म्हणाली, नकाशाचं गेलं, मग त्याच्या आईने दार उघडलं. आणि मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, तुमचं कधी जाणार?

पेंटर : बाई, मी चहा टाकतो.

धाकटी : नको. थांबा काका. काय बोलू मी, दादा? चूक झाली म्हणते ना मी. माफीचं पत्र छापते. पुढच्या महिन्यात...

थोरला : पुढच्या महिन्यात मंगा संपलेली असेल.

पेंटर : बाई, मी बोलू का? मी तुमचं मीठ खातो, पण एवढा वेळ गप्प बसून माझं पोट दुखायला लागलंय. चूक माझी नाही ना ही?

धाकटी : तुमची कुठे म्हटलं मी?

पेंटर : तुम्ही म्हणालात, खूण करायची राहिली. बरोबर, नव्हती खूण. पण मी काही आंधळा नाही. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, सुटलेली मात्रासुद्धा मला पलीकडच्या फुटपाथवरून दिसते. मी ते पान घेऊन तुमच्या टेबलाशी आलो होतो. विचारलं, बाई, चेहरा कोरा सोडायचा ना? तुम्ही वर न बघता म्हणालात, भरून टाका. मी परत विचारलं. तुम्ही परत म्हणालात, भरून टाका काका.

थोरला : ठमे?

धाकटी : हो. म्हणाले मी.

थोरला : का गं?

धाकटी : मला ते पान काढताच येईना. सात वेळा काढलं. नकाशा दारात उभा, कोरा चेहरा, आणि समोर आई. मी आईचा हात कडीवर ठेवायची आणि तो हात कडी काढायचाच नाही. कागदावरसुद्धा नाही. मला आई माहितीय ना. तू कामावरून यायचास तेव्हा ती काय करायची ते मी रोज बघत होते.

थोरला : आधी खिडकीतून रस्ता बघायची. कोण येतंय-जातंय ते.

धाकटी : आणि कुणी असलं की तुला तसंच उभं ठेवायची. रस्ता मोकळा झाला की मग दार. मी आत बसून चित्रं काढायचे. मला कडीचा आवाज उशिरा यायचा. दर वेळी. म्हणून म्हटलं, निदान कागदावर तरी तिने पटकन दार उघडावं. एकदाच. आणि पटकन उघडायला हवं असेल तर मला एकच उपाय ठाऊक होता. तुझा चेहरा भरून टाकायचा.

थोरला : आपल्या घरात सगळ्यांना तोच ठाऊक होता.

धाकटी : मला बोल हवं ते. माझ्या लग्नात तुला घर राखायला ठेवलं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. मला सगळं कळत होतं. कुलूप होतं की घराला! कुलूप असताना माणूस कशाला लागतो? पण मी नवी साडी नेसून गाडीत बसले आणि तू फाटकात उभा राहून हात हलवलास.

थोरला : डावा. उजवा खिशात होता.

धाकटी : म्हणून मी त्याचा हात कधी खिशात काढला नाही.

थोरला : हं. तसं आहे होय.

पेंटर : पाहुणे, स्टूल. डावीकडे झुकताय.

थोरला : आणि एक सांग. तुझं ते पान, आईने आधी रस्ता बघितला आणि मग दार उघडलं, असं का नाही काढलंस?

धाकटी : असं कसं काढू? लोक आईला नावं ठेवतील.

थोरला : ठेवू देत. पण उघडायची ना ती शेवटी? रोज उघडायची. मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी माझं ताट वाढलेलं असायचं, गरम. रस्त्यालाही भ्यायची आणि माझ्यासाठी ताटही वाढायची. दोन्ही एकाच बाईने केलं. मला ती तशीच हवीय, ठमे. सुधारून दिलेली आई मला ओळखू येत नाही. आणि सुधारून दिलेला मीही नाही.

धाकटी : ते पान छापून गेलंय, दादा.

थोरला : मग या भागाची सुरुवात त्याच दारापासून कर. पुन्हा वाजव दार. या वेळी खरं.

पेंटर : फोन वाजतोय बाई. संपादक असणार. दर तासाला करतायत.

धाकटी : द्या इकडे... हॅलो. हो, होतंय. नाही, होतंय म्हणजे बदलतंय... नकाशाचा चेहरा. पहिल्यासारखा... नाही साहेब, तो बरा झालेला नाही. त्याला बरं व्हायला काही झालंच नव्हतं... ती माझी चूक होती... चारशे पत्रं मला माहितीयत. मला चारशेएकावं कळलंय आत्ता... नाही, सही करून देते. पहिल्या पानावर तेच दार पुन्हा काढते, आणि खाली लिहिते, गेल्या वेळी चित्रकार घाबरली होती... छापायचं नसेल तर तसं सांगा, पण ठिपके घातलेला मी देणार नाही... सात? सातपर्यंत थांबेल तो? बरं. सातला द्यायची जबाबदारी माझी. ठेवते.

पेंटर : झालं?

धाकटी : म्हणाले, खप पडला तर तुम्ही आणि तुमचा तो नकाशा बघून घ्या.

थोरला : बघून घेऊ.

पेंटर : बघून घ्याल तेव्हा घ्याल. चोवीस पानं, पानाला चार-पाच चेहरे, वर हात वेगळे. शंभरच्या वर जागा खरवडायच्या पाच तासांत. मी एकटा मेलो तरी होणार नाही. माझा अंगठा आधीच संपावर गेलाय.

थोरला : ब्लेड द्या मला एक.

पेंटर : तुम्हाला? हे नाजूक काम आहे पाहुणे. ठिपके निघाले पाहिजेत आणि कागद राहिला पाहिजे. जोर जास्त झाला की भोक.

थोरला : काचेवरून केसाइतका थर मी सव्वीस वर्षं हातांनी उतरवतोय. आणा. कुठलं पान?

पेंटर : हे घ्या, यात मागे उभी असलेली माणसं जास्त आहेत, चुकलंच तर फारसं दिसणार नाही. उलट्या बाजूने नाही, असं आडवं धरा. हलकं. अजून हलकं... आयला. बाई, हे बघा. माझ्यापेक्षा साफ निघतंय. एवढी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतं यांना?... चुकलो. जाऊ द्या. बोलायला गेलो की माझं असंच होतं.

थोरला : नाही काका, प्रश्न बरोबर आहे. पण एक सांगा, मी इथे कुठवर खरवडू? खूण नाहीये.

धाकटी : थांब, निळ्याने करून देते. मला पाठ आहे. भुवई, कान, हनुवटीखाली...

थोरला : ठमे, याचं वय काय या भागात?

धाकटी : चाळिशी ओलांडलेली. का?

थोरला : मग हे चुकतंय. तुला पाठ आहे ते माझं तेराव्या वर्षीचं आहे. इकडे बघ जरा. कान आता पूर्ण गेलाय. हनुवटीखालचं मानेपर्यंत उतरलंय. दोन बोटं होती तिथे अख्खा पंजा झालाय. तू तीन वर्षं माझ्याकडे न बघता मला काढतेयस.

धाकटी : मला बघायची भीती वाटायची रे. तुला आठवतंय का, शाळेच्या ग्रुप फोटोच्या दिवशी...

थोरला : आठवतंय.

धाकटी : मी सात वर्षांची होते. माझ्या रंगपेटीतली तपकिरी वडी थुंकीने ओली करून तुझ्या सगळ्या चेहऱ्यावर... मला वाटलं, मी केवढी मदत करतेय. आणि मग उन्हात तो रंग ओघळला, कॉलर खराब झाली, पोरं हसली, आणि घरी आल्यावर कॉलरसाठी मार पण तूच खाल्लास. माझं नावही सांगितलं नाहीस. मला आयुष्यभर वाटत आलंय की तू मला त्याची माफी दिलेली नाहीस. आणि आता त्या पोरीची पापणी. तेच केलं ना मी पुन्हा?

थोरला : माफीचं काय घेऊन बसलीस? मला त्या दिवसाचा रंग आठवत नाही. ओघळलेलाही नाही. पोरं तर रोजच हसायची. मला एवढंच आठवतंय की तुला पाऊण तास लागला होता. एकेका जागेवर बोट फिरवत होतीस, जीभ बाहेर काढून. पाऊण तास कुणीतरी माझ्या तोंडाला हात लावत होतं, ठमे. त्या घरात तेवढंच.

धाकटी : दादा.

थोरला : रडतेस काय? पान ओलं होईल.

पेंटर : पान अकरा उचललं मी. खुर्ची मोकळी आहे. पाहुणे, तुम्ही खिडकीशी बसा, उजेडात. बाई, ही तुमची निळी पेन्सिल, टोक काढलंय. आणि मी आता खरंच चहा टाकतो, कारण मला इथे काही सुचत नाहीये.

थोरला : साखर कमी, काका. बैस गं. कर खूण. सातला माणूस येईल.

धाकटी : इथून कळत नाहीये रे, कानामागे नेमकं कुठे संपतं ते.

थोरला : डोळ्यांनी नाहीच कळायचं. बोट फिरव.

धाकटी : मान जरा खिडकीकडे कर. हां. आता हलू नकोस हं, दादा.

थोरला : तेव्हा तरी कुठे हललो होतो?